बर्फातून चीनकडे: बारेंट्सच्या तिसऱ्या सफरीचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात

मे 1596 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम शहराने दोन जहाजं चीनला पाठवली. आफ्रिकेला वळसा घालायचा सोडून ती नॉर्वेच्या माथ्यावरून, उत्तर ध्रुवाच्या अंगाने निघाली. एक जहाज त्याच वर्षी हात हलवत परत आलं. दुसरं रशियाच्या उत्तरेला, नोवाया झेम्ल्याच्या किनाऱ्यावर बर्फात अडकलं ते कायमचं. त्यावरच्या 17 जणांनी किनाऱ्यावर लाकडी घर बांधून हिवाळा काढला, पुढच्या उन्हाळ्यात दोन उघड्या होड्यांतून परतीची वाट धरली, आणि 1 नोव्हेंबर 1597 रोजी त्यांपैकी 12 जण अ‍ॅमस्टरडॅमला पोचले. सफरीचा मुख्य वाटाड्या विलेम बारेंट्स त्यांत नव्हता.

ही गोष्ट बहुतेक वेळा शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, आणि शौर्य त्यात आहेच. मला मात्र त्यातले निर्णय जास्त बोलके वाटतात. बर्फात सापडल्यावर या माणसांनी जे ठरवलं, ते बरंचसं शहाणपणाचं होतं. घोळ झाला तो त्याआधी, नकाशे पसरलेल्या खोल्यांमध्ये. जहाजावरचा एक अधिकारी, खेरित द व्हेर, रोजच्या रोज नोंदी ठेवत होता आणि 1598 मध्ये त्या छापून आल्या, म्हणून आज हे सगळं तारीखवार पाहता येतं.

पार्श्वभूमी

सोळाव्या शतकात मिरी, लवंग, जायफळ युरोपात उतरत ती मुख्यतः लिस्बनला. तिथून हा माल उत्तर युरोपभर वाटण्याचा धंदा डच जहाजवाल्यांच्या हातात होता. 1580 मध्ये पोर्तुगालचं सिंहासन स्पेनच्या फिलिप दुसऱ्याकडे गेलं. डच प्रांत त्याच फिलिपविरुद्ध बंड करून उठलेले. मग लिस्बनला डच जहाजं अडवणं, माल जप्त करणं सुरू झालं. 1585 मध्ये अँटवर्प स्पॅनिश फौजेने घेतलं आणि तिथले पैसेवाले, व्यापारी, नकाशे काढणारे उत्तरेला, अ‍ॅमस्टरडॅम आणि मिडलबर्गकडे सरकले. आता मालाच्या उगमापर्यंत स्वतःच जायचं, हे मनात पक्कं होत चाललं होतं.

याच सुमारास एक माणूस गोव्याहून घरी पोचला. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण 1583 मध्ये गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला होता. पाचेक वर्षं तो तिथे राहिला. भर रस्त्यात रोज सकाळी भरणारा लिलावाचा बाजार, आंबा, माड, हे सगळं त्याने टिपून घेतलंच. त्याहून मोलाचं म्हणजे पोर्तुगीज नाविकांच्या वाटांच्या नोंदी त्याने जमवल्या. कुठल्या महिन्यात कुठला वारा, कुठे उथळ पाणी, पोर्तुगीजांना चुकवून जावापर्यंत कसं जायचं. 1592 मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा आफ्रिकेमार्गे पूर्वेला जाण्याची माहिती त्याच्याइतकी क्वचितच कुणा डच माणसाकडे असेल. आणि हाच लिन्सखोटेन 1594 आणि 1595 च्या पहिल्या दोन उत्तरेकडच्या मोहिमांवर गेला. गोव्यात मांडवीकाठी राहिलेला माणूस रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रातल्या बर्फात काय करत होता, हा प्रश्न मला या प्रकरणाच्या मुळाशी घेऊन जातो.

प्रश्न नेमका काय होता

व्यापाऱ्यांचा प्रश्न सरळ होता: स्पेन-पोर्तुगालच्या वाटेत न येता चीन आणि मसाल्याच्या बेटांपर्यंत पोचायचं कसं? नकाशावर उत्तरेची वाट फार जवळची दिसे. त्या काळच्या नकाशांवर आशियाच्या ईशान्येला ताबिन नावाचं एक भूशिर काढलेलं असे. ते ओलांडलं की किनारा दक्षिणेला वळतो आणि थेट चीन लागतो, अशी समजूत होती. असं भूशिर पाहून आलेला माणूस एकही नव्हता. प्राचीन रोमन लेखनातून ते नकाशांवर उतरलं आणि पुढचा नकाशा मागच्यावरून काढला जात राहिला.

त्यावर आणखी एक सिद्धांत होता, आणि त्याचा डच भूमीवरचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे पेट्रस प्लांसियस. हा अ‍ॅमस्टरडॅमचा धर्मोपदेशक, उत्तम नकाशाकार, बारेंट्सचा मार्गदर्शक. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: समुद्राचं खारं पाणी खोल जागी गोठत नाही; जो बर्फ दिसतो तो नद्यांच्या गोड्या पाण्याचा, म्हणून किनाऱ्यालगतचा. शिवाय ध्रुवाजवळ उन्हाळ्यात सूर्य महिनोन्महिने मावळत नाही. तेव्हा किनारा सोडून जितकं उत्तरेला जाल तितकं पाणी मोकळं मिळेल. ऐकायला हे अगदी तर्कशुद्ध आहे. प्रत्यक्षात खारं पाणी उणे 1.8 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं, आणि पांढरा बर्फ उन्हाचा मोठा हिस्सा परत आकाशात फेकतो, म्हणून चोवीस तासांचं ऊनही त्याला पुरं पडत नाही.

समोरचे पर्याय

आफ्रिकेला वळसा घालून जाणं ही माहितीची पण धोक्याची वाट: पोर्तुगीज ठाणी, लांबचा पल्ला, आणि ताज्या अन्नावाचून जडणारा स्कर्व्ही हा रोग. पश्चिमेला अमेरिकेच्या दक्षिण टोकाशी मॅगेलनची सामुद्रधुनी होती, तिथे स्पेन. अमेरिकेच्या उत्तरेने इंग्रजांनी प्रयत्न केले होते. 1576 ते 1578 मध्ये फ्रॉबिशर, 1585 ते 1587 मध्ये डेव्हिस, दोघेही वाट न सापडता परतले. ईशान्येलाही इंग्रज आधी जाऊन आले होते. 1553 मध्ये विलोबी आपल्या माणसांसह रशियाच्या वायव्येकडच्या कोला द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात मेला, तर त्याचा सहकारी चॅन्सेलर पांढऱ्या समुद्रात शिरून मॉस्कोपर्यंत पोचला आणि चीनऐवजी रशियाचा व्यापार घेऊन आला. 1580 मध्ये पेट आणि जॅकमन कारा समुद्राच्या तोंडापर्यंत जाऊन परतले.

ईशान्येच्या वाटेतही दोन पोटभेद होते. मिडलबर्गचा व्यापारी बाल्थाझार द मूशरों याला वायगाच बेटाजवळच्या अरुंद सामुद्रधुनीतून, किनारा धरून जायचं होतं. प्लांसियसला नोवाया झेम्ल्याच्या उत्तर टोकावरून, किनाऱ्यापासून दूर राहून जायचं होतं. मूशरोंचा स्वतःचा रशियाशी व्यापार होता, प्लांसियसचा स्वतःचा सिद्धांत होता. वाट कुठली हवी, हे ज्याच्या त्याच्या हाताशी काय होतं त्यावर ठरत होतं.

आज बऱ्याचदा निसटून जाणारी गोष्ट अशी की डच व्यापाऱ्यांनी सगळे पैसे एकाच वाटेवर लावले नव्हते. एप्रिल 1595 मध्ये कॉर्नेलिस द हाउटमानची चार जहाजं आफ्रिकेमार्गे निघाली, लिन्सखोटेनने जमवलेल्या माहितीचा आधार घेऊन. त्यांच्या नाविकांना शिकवायलाही प्लांसियसच होता. त्यानंतर तीन महिन्यांत सात जहाजं उत्तरेला निघाली. दोन्ही वाटांचे सल्लागार तेच, माहिती तीच. व्यापारी म्हणून यात मला खोट दिसत नाही. दोन वाटा एकदम तपासणं परवडत असेल तर तपासाव्यात. फरक पडला तो पुढे, परत आलेल्या बातमीला किती वजन द्यायचं यावर.

पहिला टप्पा: 1594 ची बातमी

1594 च्या मोहिमेत जहाजं वाटेत विभागली. बारेंट्स नोवाया झेम्ल्याच्या पश्चिम किनाऱ्याने 77 अंशांच्या आसपास, पार उत्तर टोकापर्यंत गेला, आणि तिथे बर्फाने अडवल्यावर फिरला. कॉर्नेलिस नाय आणि लिन्सखोटेन वायगाचच्या सामुद्रधुनीतून कारा समुद्रात शिरले. पुढे त्यांना खोल, निळं, मोकळं पाणी लागलं. आपण ओब नदीच्या मुखापलीकडे पोचलो असा त्यांचा हिशेब झाला आणि वाट सापडली म्हणून ते तिथूनच माघारी वळले. खरं तर ओबचं मुख अजून पुढे होतं, यामाल द्वीपकल्पाच्या पलीकडे.

घरी दोन वार्ता पोचल्या: एक बर्फाची, एक मोकळ्या पाण्याची. लिन्सखोटेनची वार्ता गोड होती, तीच मानली गेली. 1595 मध्ये सात जहाजं निघाली ती शोध घ्यायला कमी आणि विकायला जास्त, माल भरून. त्यांतल्या रॉटरडॅमच्या एका छोट्या जहाजाचं काम एवढंच की बाकीच्यांनी ताबिन ओलांडल्याबरोबर मागे फिरून आनंदाची बातमी आणायची. बातमी आणणारं जहाज आधीच नेमलेलं, यावरून खात्री किती होती ते कळतं.

निघायलाच जुलै उजाडला. ऑगस्टच्या उत्तरार्धात सामुद्रधुनी गाठली तर ती बर्फाने भरलेली. सप्टेंबरमध्ये एका बेटावर पांढऱ्या अस्वलाने दोन माणसं मारली. ताफा रिकाम्या हाताने परतला.

याच सफरीत एक संधी हातात आली होती. रशियन खलाशी आणि तिथले सामोयेद लोक, आज ज्यांना नेनेत्स म्हणतात, त्यांच्याशी डचांचं बोलणं झालं. रशियनांनी सांगितलं की त्यांच्या होड्या दरवर्षी ओबच्या पलीकडे, येनिसेईपर्यंत व्यापाराला जातात. म्हणजे वाट होती! फक्त ती किनारा धरून जाणाऱ्या, उथळ तळाच्या हलक्या होड्यांची होती. बर्फ आडवा आला की होडी ओढून वर घ्यायची, यामालसारख्या ठिकाणी जमिनीवरून पलीकडच्या नदीत न्यायची. या होड्यांना कोच म्हणत आणि त्यांचं पोट गोलसर असे, बर्फाने दाबलं तर चिरडून न जाता वर उचललं जाईल असं. डचांनी या बोलण्यातून घेतलं ते इतकंच की पुढे समुद्र आहे. तिथले लोक तो कशातून आणि कसा ओलांडतात, हे विचारून त्याप्रमाणे जहाज बदलावं असं कुणाला सुचलं नाही. पूर्ण प्रकरणात मला सगळ्यात खटकणारी जागा ही आहे.

1596: अस्वल बेटावर फारकत

दोन अपयशांनंतर डच प्रांतांच्या मध्यवर्ती सभेने तिसऱ्या सफरीला पैसे द्यायचं नाकारलं, पण वाट शोधणाऱ्याला 25,000 गिल्डरचं बक्षीस जाहीर केलं. जोखीम अशी खाली ढकलली गेली आणि अ‍ॅमस्टरडॅम शहराने ती उचलली. दोन जहाजं सज्ज झाली. एकावर याकोब व्हान हेम्सकर्क कप्तान आणि बारेंट्स वाटाड्या, दुसऱ्यावर यान कॉर्नेलिस राइप. खलाशी घेताना शक्यतो अविवाहित पाहिले, बायकापोरांच्या ओढीने कुणी मागे फिरायची भाषा करू नये म्हणून. मागच्या सफरीतल्या माघारीचं खापर माणसांच्या मनावर फोडलं गेलं होतं, हे यातून दिसतं. बर्फाबद्दलची समजूत होती तिथेच राहिली.

जूनमध्ये त्यांना एक उघडंबोडकं बेट लागलं. तिथे मोठं अस्वल मारलं म्हणून नाव पडलं अस्वल बेट. आणखी उत्तरेला 17 जूनला 80 अंशांच्या आसपास सुळकेदार डोंगरांची भूमी दिसली: स्पिट्सबर्गन. ते तिला ग्रीनलंडचा भाग समजले. तिथे गवत होतं, चरणारी सांबरासारखी रेनडिअर होती, अंड्यांवर बसलेले हंसबदक होते. हे पक्षी झाडांना लागतात की शिंपल्यांतून निघतात यावर युरोपात तोवर गंभीरपणे वाद चालत. त्यांची घरटी इथे प्रत्यक्ष पाहायला मिळाली. (याच स्पिट्सबर्गनवर आज भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. 2008 पासून ते चालू आहे आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को इथल्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो.)

सिद्धांत मानणाऱ्याला हा पुरावा गोड वाटावा असाच होता. 76 अंशांवरच्या नोवाया झेम्ल्यावर काही उगवत नाही आणि 80 अंशांवर मात्र हिरवळ! द व्हेरने हा मुद्दा आवर्जून मांडला. खरं कारण समुद्रात होतं: अटलांटिकचं उबदार पाणी स्पिट्सबर्गनच्या पश्चिम अंगाने वर सरकतं आणि तेवढा पट्टा मोकळा ठेवतो. ध्रुव जवळ असण्याशी त्याचा संबंध नाही. पुरावा खरा, अर्थ चुकीचा.

आता दिशेवरून वाद पेटला. राइपला पुन्हा उत्तरेला जायचं होतं, बारेंट्सला पूर्वेला नोवाया झेम्ल्याकडे. 1 जुलैला अस्वल बेटापाशी दोघे वेगळे झाले. दोन जहाजं पाठवण्याचा एक उपयोग म्हणजे एक अडकलं तर दुसऱ्याने माणसं उचलावीत. तो इथे संपला. तरी या निर्णयाला मी सरसकट चूक म्हणणार नाही. एकत्र राहिले असते तर कदाचित दोन्ही जहाजं एकाच बर्फात सापडली असती, आणि मग पुढच्या वर्षी कोलाला जे घडलं ते घडलं नसतं.

टेकडीवरून दिसलेलं पाणी

बारेंट्स जुलैच्या मध्यात नोवाया झेम्ल्याला पोचला आणि बर्फाशी झटत उत्तर टोकाकडे सरकला. 16 ऑगस्टला दहा जण होडीने किनाऱ्यावर गेले आणि एका डोंगरावर चढले. आग्नेयेला मोकळं पाणी दिसलं. सफर जिंकली असं त्यांना वाटलं, आणि कधी एकदा जहाजावर जाऊन बारेंट्सला सांगतो असं झालं.

डोंगराची उंची शंभर मीटर धरली तर क्षितिज साधारण 36 किलोमीटरवर येतं. दोनशे धरली तर 50 च्या थोडं पुढे. पुढचा प्रवास हजारो किलोमीटरचा. ऑगस्टचा उत्तरार्ध लागलेला, वर्षभरापूर्वी याच दिवसांत वायगाच बंद झालेलं बारेंट्सने डोळ्यांनी पाहिलेलं. थांबून विचार करायची जागा असेल तर हीच. मात्र त्याच्या बाजूनेही पाहायला हवं. मागे फिरला असता तर तिसऱ्यांदा हात हलवत परतला असता, आणि चौथी सफर कुणी दिली नसती.

ते पुढे गेले. टोक ओलांडून पूर्व किनाऱ्याला उतरले, बर्फाने कोंडले, मागे वळू पाहिलं तर वाट मिटलेली. 26 ऑगस्टला एका खाडीत जहाज पक्कं अडकलं. बर्फाने दाबून ते वर उचललं, लाकडं करकरली, सुकाणू मोडलं.

हिवाळ्याचे निर्णय

इथून पुढे कारभार बदलतो. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच त्यांनी मान्य केलं की यंदा सुटका नाही. किनाऱ्यावर त्यांना ओंडकेच्या ओंडके सापडले होते, सैबेरियातल्या नद्यांनी समुद्रात लोटलेले. त्या बोडक्या बेटावर एक झाड नाही. ते घसरगाड्यांवरून ओढून आणून, जहाजाच्या फळ्या जोडून घर उभं राहिलं. काम चालू असतानाच, 23 सप्टेंबरला, सुतार मेला. सुतारकामाचं शिक्षण झालेला तो एकटाच होता. तरी ऑक्टोबरात घर राहण्याजोगं झालं.

द व्हेरच्या नोंदी इथे वाचाव्यात अशा आहेत. शेकोटीला पाय इतके जवळ धरावे लागत की ऊब लागायच्या आधी मोजे जळाल्याचा वास येई. पाठीवर तेव्हाही हिमाचा थर. घड्याळ गोठून थांबलं, मग बारा तासांच्या वाळूच्या घड्याळावर दिवस मोजले. जहाजावरच्या वैद्याच्या सांगण्यावरून दारूच्या पिंपात शिरून वाफेचं स्नान घेत. थंडी वाढली तेव्हा विकायच्या मालातलं जाड कापड माणसांत वाटलं. कोल्ह्यांसाठी सापळे लावले. त्यांच्या कातड्याच्या टोप्या झाल्या आणि ताज्या मांसाने स्कर्व्ही थोपवून धरली, अर्थात 'क' जीवनसत्त्वाची भानगड तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. जानेवारीत तीन राजांच्या सणाला, म्हणजे नाताळानंतरच्या ख्रिस्ती सणाला, उरलीसुरली वाइन काढली, पाव केले आणि तोफची हा 'नोवाया झेम्ल्याचा राजा' झाला.

एक निर्णय जवळजवळ सगळ्यांच्या जिवावर उठला. 7 डिसेंबरला जहाजावरून दगडी कोळसा आणला, त्याची ऊब छान लागली, आणि ती टिकावी म्हणून दार व धुराडं गच्च बंद केलं. थोड्याच वेळात सगळ्यांना भोवळ आली. एकाने कसंबसं उठून दार उघडलं आणि तो बाहेर बर्फात कोसळला. द व्हेरने तोंडावर व्हिनेगर मारून त्याला शुद्धीवर आणलं. आजही थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी पेटवून माणसं जातात, कारण तेच: कार्बन मोनॉक्साइड. दुसरी अशीच चूक मे अखेरीस झाली. अस्वलाचं काळीज खाल्लं आणि तिघे इतके आजारी पडले की अंगाची सालं निघाली. पांढऱ्या अस्वलाच्या यकृतात 'अ' जीवनसत्त्व विषासारखं साठलेलं असतं.

24 जानेवारीला हेम्सकर्क, द व्हेर आणि आणखी एकाने क्षितिजावर सूर्याची कड पाहिली. बारेंट्सने मानलं नाही. त्याच्या गणिताप्रमाणे सूर्याला अजून दोन आठवडे होते. गणित त्याचं बरोबर होतं आणि पाहणाऱ्यांचे डोळेही. थंड हवेवर उबदार हवेचा थर बसला की प्रकाश वाकत वाकत क्षितिजापलीकडून येतो. युरोपातल्या पंडितांनी द व्हेरला या नोंदीवरून बराच काळ खोट्यात काढलं. आज वातावरणातल्या प्रकाशाच्या अभ्यासात या घटनेला नोवाया झेम्ल्याचंच नाव आहे.

थांबायचं की निघायचं

वसंतात मोठा पेच पडला. मार्चच्या मध्यात मोकळं पाणी जहाजापासून फक्त 75 पावलांवर आलं होतं. मेच्या सुरुवातीला तेच 500 पावलांवर गेलं. जहाज सुटण्याची वाट पाहायची, की होड्यांतून निघायचं? खलाशी आधी आपसांत कुजबुजले, मग बारेंट्सकडे गेले, कप्तानाशी तूच बोल म्हणाले. हेम्सकर्कने मे अखेरपर्यंतची मुदत घातली. तोवर जहाज सुटलं नाही तर होड्या तयार करायच्या. मला ही मुदत या प्रकरणातला सगळ्यात नीटस निर्णय वाटतो: आशा धरली, पण तिला तारीख लावली. तक्रार एका जाणत्या माणसामार्फत वर गेली, बंड झालं नाही. (1611 मध्ये हेन्री हडसन या इंग्रज दर्यावर्दीच्या जहाजावर अशाच पेचात कप्तानालाच होडीत घालून सोडून दिलं गेलं.)

14 जून 1597 ला दोन होड्या निघाल्या. अशक्त झालेला बारेंट्स घसरगाडीवरून होडीपर्यंत नेला गेला. त्याआधी त्याने सफरीची हकिगत लिहून ती बंदुकीच्या दारूच्या मापात घालून धुराड्यात टांगली होती. होड्यांत पाव आणि वाइनबरोबर उंची लोकरी कापडाचे गठ्ठे, मखमल आणि पैशांच्या पेट्याही चढल्या. जीव मुठीत घेऊन निघालेल्या माणसांनी मखमल कशाला घ्यावी? कारण परत गेल्यावर हिशेब द्यायचा होता. 20 जूनला द व्हेरचा नकाशा पाहता पाहता बारेंट्सने प्यायला मागितलं आणि पिऊन झाल्यावर त्याने प्राण सोडला.

जुलै अखेरीस त्यांना रशियन भेटले, त्यांतले काही ओळखीचे निघाले. तिथल्या एका बेटावर स्कर्व्हीवर गुणकारी पानं मिळाली आणि ती चघळून माणसं उभी राहिली. ऑगस्टच्या अखेरीस कोलाच्या बाजूला खबर घ्यायला पाठवलेला माणूस एक पत्र घेऊन आला. सही यान कॉर्नेलिसची! राइप मेला असंच ते धरून चालले होते. हा दुसराच कुणी असेल असं वाटलं. हेम्सकर्कने आपल्याजवळचं त्याचं जुनं पत्र काढलं आणि अक्षराशी अक्षर ताडून पाहिलं. तोच होता, व्यापाराच्या खेपेला कोलाला आलेला. अडीच महिन्यांहून जास्त ज्यांत काढले त्या होड्या कोलाच्या व्यापाऱ्यांच्या वाड्यात आठवण म्हणून ठेवून 12 जण त्याच्या जहाजावर चढले.

परिणाम

अ‍ॅमस्टरडॅमला ते नोवाया झेम्ल्यातल्याच कपड्यांत, पांढऱ्या कोल्ह्याच्या टोप्या घालून गेले. शहरात त्या वेळी डेन्मार्कचे वकील पाहुणे होते. त्यांच्यासमोर हकिगत सांगायला यांना जेवणाच्या दालनात बोलावलं.

पण बाजाराचं लक्ष एव्हाना दुसरीकडे होतं. तीनच महिने आधी, ऑगस्टमध्ये, हाउटमानची जहाजं जावाहून परतली होती. त्याच्या सुमारे अडीचशे माणसांपैकी नव्वदही धड परत आली नाहीत आणि नफा बेताचाच. म्हणजे माणसं मोजली तर दक्षिणेची वाट जास्त जीवघेणी ठरली होती. पण ती वाट होती. 1598 मध्ये डच जहाजांचे ताफे तिकडेच निघाले, आणि त्यांत हेम्सकर्कही होता. 1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. कोकणच्या वाचकाला तिची खूण वेंगुर्ल्यात भेटते. 1637 च्या सुमारास तिथे डचांची वखार झाली, गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायला सोयीची.

उत्तरेच्या सफरीतून कमाई झालीच, पण वेगळ्या मालाची. स्पिट्सबर्गनच्या पाण्यात सतराव्या शतकात देवमाशांच्या शिकारीचा मोठा धंदा उभा राहिला. ईशान्येची वाट मात्र पहिल्यांदा पूर्ण केली ती नॉर्डेनशॉल्डने 1878-79 मध्ये, वाफेच्या इंजिनाच्या जहाजातून, आणि त्यालाही बेरिंगच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी एक हिवाळा अडकावं लागलं. नोवाया झेम्ल्यातलं ते घर 1871 मध्ये नॉर्वेच्या कार्लसनला सापडलं, वस्तूंसकट. त्यांत चीनमध्ये विकायला घेतलेल्या छापील चित्रांचे गठ्ठे होते, ओल आणि बर्फाने कागदाच्या विटा झालेले. संग्रहालयातल्या लोकांनी पुढे ते पापुद्रा पापुद्रा सोडवले.

वेगळं काय करता आलं असतं

1594 नंतर सात भरलेली जहाजं पाठवण्याऐवजी दोन हलकी जहाजं, रशियन वाटाडे आणि आधीपासून योजलेला मुक्काम, एवढ्यात खरं उत्तर बरंच स्वस्तात मिळालं असतं. ते उत्तर 'अशा जहाजांनी नाही' असं असतं. माल भरला की सफरीचा हेतू पक्का होतो, आणि मग 'वाट नाही' हे ऐकायची कुणाची तयारी राहत नाही.

दुसरं, प्लांसियसचा सिद्धांत चुकला असं ठरायला काय दिसावं लागेल, हे कुणीच आधी ठरवलं नव्हतं. त्यामुळे 1594 चा बर्फ म्हणजे किनारा फार जवळ होता, 1595 चा बर्फ म्हणजे निघायला उशीर झाला, 1596 चा बर्फ म्हणजे राइपने साथ सोडली, असं कारण दर वेळी मिळत गेलं. प्रत्येक कारणात तथ्य होतंच, म्हणून तर ती टिकली.

माघारीची तारीख बंदरातच ठरवता आली असती का? मला वाटतं, ऑगस्टच्या पंधरा तारखेला टोक ओलांडलं नसेल तर परत, असा लेखी हुकूम बारेंट्सला उपयोगी पडला असता. त्यामुळे परतण्याची नामुष्की त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आली नसती. मे महिन्यात हेम्सकर्कने खलाशांसाठी जे केलं, ते अ‍ॅमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांना बारेंट्ससाठी करता आलं असतं.

सिद्धांताला स्वतःला या सगळ्याने फारसा धक्का बसला नाही. जानेवारी 1609 मध्ये, आफ्रिकेच्या वाटेने बक्कळ मिरी येत असताना, डच ईस्ट इंडिया कंपनीने हेन्री हडसनशी करार केला: नोवाया झेम्ल्याच्या उत्तरेने पूर्वेची वाट शोधायची. तो निघाला, वाटेत थंडी आणि बर्फाने खलाशी बिथरले, आणि कराराबाहेर जाऊन त्याने जहाज अमेरिकेकडे वळवलं. जिथे आज न्यूयॉर्क आहे त्या नदीच्या मुखाशी तो पोचला.